टिचकी

माझ्या नवऱ्याला मी सोलनकर म्हणते. लग्न झालं तेव्हा नाव घ्यायला जीभ रेटायची नाही आणि 'अहो' म्हणताना हसू यायचं, म्हणून आडनाव धरलं, ते तसंच राहिलं. कॉलेजात ते सोलनकर सर, मंद्रूपला त्यांच्या आईच्या तोंडी जोती, आणि नवी पेठेमागच्या बोरामणीकरांच्या घरात जोतिराम. त्या घरात त्यांना ज्या मायेनं हाक मारली जायची, तशी माझ्या माहेरी मलाही कुणी मारली नाही. म्हणून जे झालं ते सांगायचं तर त्याच घरापासून सुरुवात करावी लागते.

सोलनकरांचं घर मेंढरांचं. मंद्रूपच्या पलीकडं वस्ती, थोडी कोरडवाहू जमीन, आणि वर्षाचे कितीतरी महिने वडील कळपामागं बाहेर. गणित चांगलं म्हणून दहावीनंतर त्यांना सोलापूरला कॉलेजात घातलं. तिथं गणिताला मुकुंद बोरामणीकर सर होते. शेवटच्या बाकावरचा हा मुलगा फळ्यावरचं उदाहरण आपल्याआधी सोडवून बसतो, आणि झोपायला मात्र स्टँडजवळ कुणाच्या तरी दुकानात पोत्यांवर जातो, हे सरांना कळलं. त्यांनी त्याला घरी आणलं आणि माडीवरची खोली दिली. इंजिनिअर होईपर्यंत सोलनकर त्याच खोलीत राहिले. सरांच्या पत्नी प्रभाकाकूंनी त्यांचं ताट कधी वेगळं मांडलं नाही. त्यांचा मुलगा ओजस जन्मला तो याच काळात. सोलनकरांनी त्याला खांद्यावर बसवून गड्ड्याची जत्रा दाखवली, पुढं सायकल शिकवली. तो त्यांना दादा म्हणायचा.

माझ्या सासूबाई, म्हाळसाबाई, दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत त्या घरी जायच्या. डोक्यावर ज्वारी, हातात लोण्याचा डबा. एकदा घरच्या लोकरीचं घोंगडं विणून घेतलं आणि सरांच्या पायावर ठेवलं. सर ओशाळले. सासूबाई म्हणाल्या, "मास्तर, मी जल्म दिला, पर माणूस तुमी केला की त्याला."

हे सगळं आम्ही खरं मानत होतो. अजूनही ते खोटं होतं असं मला म्हणता येत नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

सोलनकर पुढं पीएच.डी. करून इथल्याच एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात लागले. त्यांचा विषय कंपनांचा. कुठलंही यंत्र चालताना हादरतं. तो हादरा वाया जातो, त्यातून थोडी वीज काढता येईल का, हे त्यांचं काम. मी शाळेत मराठी शिकवते, मला यातलं काय कळणार? पण त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मला स्वयंपाकघरात पट्टी घेऊन समजावलं होतं. वीतभर लांबीची पातळ पोलादी पट्टी, एक टोक घट्ट आवळलेलं, दुसऱ्या टोकाला चुंबक. समोर आणखी दोन चुंबकं. पट्टीवर एका खास पदार्थाचा तुकडा चिकटवलेला. तो वाकला की चिमूटभर वीज देतो. तेवढ्या विजेवर यंत्रमागाच्या बेअरिंगचा ताप सांगणारं एखादं छोटं यंत्र चालू शकतं, सेल बदलत बसायला नको.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं होतं.

"अडलंय असं," ते म्हणाले, "की साध्या पट्टीला एकच वेग मानवतो. मागाचा वेग जरा बदलला की ती गप्प. चुंबकं लावली की ती निरनिराळ्या वेगांना साथ देते. पण मग ती लहरी होते. त्याच हादऱ्यात ती दोन तऱ्हांनी हलू शकते. एक म्हणजे एकाच बाजूला बसून बारीक थरथर. दुसरी म्हणजे या बाजूकडून त्या बाजूकडं मोठाले झोके. वीज मिळते ती झोक्यांत. पण ती थरथरीत अडकली तर आपणहून झोक्यावर जाईलच असं न्हाय. कुणीतरी ढकलावं लागतं."

ढकलायला कुणी नसताना पट्टी आपणहून झोक्यावर कशी जाईल, या एका प्रश्नावर त्यांनी वर्षानुवर्षं काढली. आणखी एक छोटं चुंबक मऊ आधारावर बसवायचं, म्हणजे हादऱ्याबरोबर ते सरकेल आणि पट्टीची वाट सोपी करेल, अशी त्यांची कल्पना होती. गणितात ती जमत होती.

ओजस एम.ई. झाला तेव्हा मुकुंद सर स्वतः आमच्या घरी आले. चहाला हात न लावता म्हणाले, "जोतिराम, याला तुझ्या हाताखाली घे. दुसऱ्या कुणाकडं द्यायला माझं मन होत नाही."

सोलनकर हसले. "सर, तुम्ही विचारायचं असतं का?"

ओजस हुशार होता. हात सफाईदार, बोलणं गोड, इंग्रजी तर सोलनकरांपेक्षा कितीतरी चांगलं. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मागावर उपकरण बसवायची परवानगी त्यानंच मिळवली. मागावर धागा तुटतो, माग थांबतो, पुन्हा सुरू होतो, दिवसभर हेच. दर वेळी माग सुरू झाल्यावर पट्टी आपणहून झोक्यावर जाते का, हेच बघायचं होतं. ओजस मोजमापं आणायचा. दर वेळी पट्टी झोक्यावर गेलेली असायची. सोलनकर संध्याकाळी घरी येऊन तेच आलेख पुन्हा पुन्हा उघडायचे आणि मला बोलवायचे, "रुपाली, हे बघ, उठली बघ कशी!"

ते स्वतःही अधूनमधून कारखान्यात जात. त्यांच्यासमोर ओजस उपकरणाची पेटी उघडायचा, पट्टीवर बसलेली कापसाची धूळ बोटानं पुसायचा आणि मग मोजणी चालू करायचा. "पोरगं किती काळजीनं करतं," असं ते मला कौतुकानं सांगायचे.

पेपर मोठ्या परदेशी जर्नलमध्ये छापून आला. दोघांची नावं. कॉलेजनं फ्लेक्स लावला, सत्कार केला. मुकुंद सर पहिल्या रांगेत होते. ओजसला जर्मनीतल्या एका संस्थेतून बोलावणं आलं. प्रबंध मंजूर झाला की जायचं होतं. त्या रविवारी काकूंनी आम्हाला पुरणपोळीला बोलावलं.

मग कोइमतूरहून एका प्राध्यापकांनी विचारणा केली. तुमच्यासारखंच उपकरण आम्ही बनवलं, पण ते आपणहून उठत नाही. आमचं काय चुकतंय? सोलनकरांना वाटलं, त्यांच्या चुंबकांतलं अंतर चुकत असेल. आपल्या उपकरणावर पुन्हा नीट माप घेऊन कळवावं म्हणून ते एकटेच चिंचोळीला गेले. ओजस त्या आठवड्यात व्हिसाच्या कामासाठी मुंबईला होता.

माग चालू होता. पट्टी थरथरत होती, बारीक. सोलनकरांनी वाट पाहिली. धागा तुटला, माग थांबला, पुन्हा लागला. पट्टी थरथरीतच. असं कितीदा तरी झालं. चुंबक सैल झालं असेल म्हणून त्यांनी पेटी उघडली. सगळं जागेवर होतं. पट्टीवर कापसाची धूळ बसली होती. ओजस पुसायचा तशी त्यांनी ती बोटानं पुसली, आणि बोट निघताक्षणी पट्टी ठाण ठाण करत या बाजूकडून त्या बाजूकडं झोके घेऊ लागली.

ते तिथंच उभे राहिले. मला नंतर म्हणाले, "मला वाटलं, माझ्या बोटाला कुणीतरी चावलं."

खात्री करावी म्हणून त्यांनी पट्टी हातानं थांबवून सोडली. ती थरथरीत गेली. पुन्हा हलकी टिचकी मारली. झोके. धूळ पुसण्याच्या निमित्तानं ओजस दर वेळी टिचकी मारत होता. त्यांच्या डोळ्यांसमोर मारत होता, आणि ते शेजारी उभं राहून कौतुक करत होते.

घरी आले ते जेवले नाहीत. मी काय झालं विचारलं तर सगळं सांगितलं आणि म्हणाले, "त्याचं काहीतरी म्हणणं असंल. त्याला विचारल्याशिवाय कुणापुढं बोलायचं न्हाय." मुंबईहून ओजस परतला त्या दिवशी ते बोरामणीकरांकडं गेले. सर आणि ओजस बाहेरच्या खोलीत होते. सोलनकरांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "ओजस, तू पट्टीला टिचकी मारत होतास?"

ओजसनं आधी वडिलांकडं पाहिलं. मग मान खाली घातली. "दादा, सुरुवातीला एक-दोनदाच मारली. मला वाटलं, पुढं उठेल आपोआप. तुम्ही इतके खूश झालात... मग मला सांगताच येईना."

"किती वेळा उठली आपणहून?"

"क्वचित."

मुकुंद सर म्हणाले, "त्याचं जर्मनीचं होऊ दे. तोवर थांबलास तर?"

"सर, लोक त्याच्यावर पुढचं काम करायला लागलेत. कोइमतूरचा माणूस स्वतःची चूक शोधत बसलाय."

सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "तू म्हणतोस ते बरोबर आहे. पेपर मागं घ्यायलाच हवा. तू कळव. ओजस स्वतः कबूल करेल, मी त्याला घेऊन येतो. आपण तिघं मिळून जाऊ."

घरी येताना सोलनकर रडले असावेत, डोळे लाल होते. पण मला म्हणाले, "सर ते सरच. पोटच्या पोराबद्दल असं कोण बोलेल सांग?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी जर्नलला आणि प्राचार्यांना कळवलं. ओजसचं वय लक्षात घ्यावं, त्याच्यावर फार कडक कारवाई होऊ नये, अशी विनंतीही केली. कॉलेजनं चौकशी समिती नेमली.

समितीसमोर ओजस आला तो नव्या ब्लेझरमध्ये. त्याला विचारलं, टिचकी मारत होतास का? हो म्हणाला. का? तर म्हणाला, "सोलनकर सरांनी सांगितलं होतं. गाईडच्या शब्दाबाहेर मी कसा जाणार?" त्या दिवशी त्यानं दादा म्हटलं नाही.

सोलनकर उठून उभे राहिले. "याने मुकुंद सरांसमोर माझ्याकडं कबुली दिलीय. त्यांना बोलवा. ते सांगतील."

समितीनं सरांना बोलावलं. सर आले, पांढऱ्या शर्टात, इस्त्री कडक. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी समितीतले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी. सगळे उभे राहिले. सर बसले आणि म्हणाले, "जोतिराम आमच्याकडं नेहमीच येतो. त्या दिवशीही आला होता. पण संशोधनाबद्दल माझ्यासमोर काही बोलणं झालं नाही. मला त्या विषयातलं कळतही नाही."

हे सोलनकरांनी मला एकदम सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. मी विचारलं, "तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत? तोंडावर का म्हटलं नाहीत, सर, तुम्ही खोटं बोलताय?"

ते म्हणाले, "मी त्यांच्याकडं बगत व्हतो. ते माझ्याकडं बगतील असं वाटत व्हतं."

निकाल असा लागला की दोघांचं म्हणणं वेगळं, साक्षीदार नाही, पण जबाबदारी मार्गदर्शकाची. पेपर मागं घेतला गेला. सोलनकरांची प्रयोगशाळा दुसऱ्याकडं दिली आणि काही वर्षं त्यांनी पीएच.डी.चा विद्यार्थी घ्यायचा नाही असं ठरलं. ओजसला ते प्रकरण वगळून प्रबंध सादर करायची मुभा मिळाली. तो जर्मनीला गेला. स्टाफरूममध्ये एकजण चहा पिता पिता म्हणाला, "नाहीतरी इतकी झेप झेपणारी नव्हतीच." कुणाची झेप, हे त्यानं सांगितलं नाही आणि बाकीच्यांनी विचारलं नाही.

त्याच महिन्यात आम्ही मंद्रूपला गेलो. सासूबाईंना आधीच कुणीतरी अर्धमुर्धं सांगितलं होतं. सोलनकरांनी त्यांना सगळं समजावलं. त्या ऐकत होत्या, शेळीच्या पिलाला मांडीवर धरून. शेवटी म्हणाल्या, "मास्तर खोटं न्हाय बोलायचा रं. तुजंच काय चुकलं का बग."

सोलनकर उठून बाहेर गेले. बांधावर जाऊन बसले. मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, तुमचा लेक आहे तो." त्या म्हणाल्या, "व्हय की. पर त्याला घडवला कुणी?"

त्या एका वाक्यानं सोलनकर जेवढे मोडले तेवढे समितीच्या निकालानंही मोडले नव्हते. परत आल्यावर त्यांचं वागणं बदललं. मी गॅस बंद केलाय म्हटलं तरी उठून बघून यायचे. दाराची कडी मी लावली की पुन्हा हात लावून बघायचे. दुकानदारानं दिलेली भाजी घरी आणून पुन्हा तोलायचे. एकदा मी चिडून विचारलं, "माझ्यावरही विश्वास नाही का तुमचा?" ते गॅसजवळ उभे होते. म्हणाले, "हाय. पर हात जातो."

काम मात्र सोडलं नाही. कारखान्याच्या व्यवस्थापकांना खरं काय झालं ते जाऊन सांगितलं आणि सुट्टीच्या दिवशी मागावर बसायची परवानगी मागितली. त्यांनी दिली. तिथं ते स्वतः बसून, पट्टीला हात न लावता, पेटी बंद ठेवून मोजणी करत राहिले. पट्टी बहुतेक वेळा थरथरीतच राहायची. कधी कधी उठायची. कुठल्या वेळी उठते आणि कुठल्या वेळी नाही, ते शोधत राहिले. चुंबकाचा आधार फार मऊ झाला तर उठत नाही, थोडा ताठ केला तर शक्यता वाढते, एवढं हाती लागलं. त्याचा छोटा पेपर त्यांनी एकट्याच्या नावानं लिहिला. साध्याशा जर्नलमध्ये आला. कोइमतूरच्या प्राध्यापकांनी फोन करून आभार मानले. त्या दिवशी त्यांनी मला बोलावून आलेख दाखवला नाही. जेवताना सांगितलं, एवढंच.

सासूबाईंचं मन मात्र स्वस्थ नसावं. हुरड्याचे दिवस आले तशा त्या आम्हाला न सांगता सोलापूरला आल्या आणि थेट बोरामणीकरांच्या दारात गेल्या. या वेळी डोक्यावर काही नव्हतं. संध्याकाळी आमच्याकडं आल्या तेव्हा चेहरा उतरलेला. सोलनकर आतल्या खोलीत होते. त्या दारात उभ्या राहूनच बोलल्या.

"मी इचारलं मास्तरला. म्हटलं, माझं पोरगं खोटं बोललं का? एवढंच सांगा, मी त्याला हितनं पुढं दारात उभं करत न्हाय. मास्तर भिंतीकडं बगत बसला. बोलला न्हाय. माज्याकडं बगितलंच न्हाय त्यानं." मग आत जाऊन त्यांनी सोलनकरांच्या डोक्यावरून हात फिरवला. "लेकरा, मी चुकले रं."

त्या दिवशी सोलनकरांनी आईच्या ताटातली भाकरी खाल्ली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी प्रभाकाकू आल्या. दुपारची वेळ होती, शाळेला सुट्टी होती. दार मी उघडलं. त्या खूप वाळल्या होत्या. मला मनातून दार लावून घ्यावंसं वाटलं, पण इतक्या वर्षांची सवय, "या काकू" म्हणूनच गेले. पाणी दिलं. सोलनकर बाहेर आले, नमस्कार केला नाही, समोरच्या खुर्चीत बसले.

काकूंनी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला होता. "जोतिराम, तू त्या दिवशी आला होतास ना, ओजसला विचारायला. मी स्वयंपाकघरात होते. मी सगळं ऐकलं. ओजस काय म्हणाला ते, आणि हे काय म्हणाले तेही."

काकू पुढं सांगू लागल्या.

"तुझी आई आली होती परवा. त्या गेल्यावर हे दोन दिवस जेवले नाहीत. मला झोप नाही. म्हटलं, तुला सांगून यावं. तू खोटं बोलला नाहीस, हे मला माहीत आहे."

"काकू," सोलनकर हळू बोलले, "हे मला म्हाईत हाय. मला कशाला सांगताय? हे तितं सांगायला पायजे हुतं."

"मला बोलावलं नाही कुणी."

"तुमी आला असता तर कुणी घालवलं असतं का?"

काकूंचे डोळे भरले. "मुलगा आहे रे माझा."

"आणि मी?"

एवढंच. त्यांचा आवाज चढला नाही. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना असा प्रश्न विचारताना कधी ऐकलं नव्हतं. मेंढरांच्या घरातल्या त्या मुलानं त्या घराकडं कधी काही मागितलं नसावं. काकूंनी पेला टीपॉयवर ठेवला, पदरानं डोळे पुसले. मी विचारलं, "आता लिहून द्याल का समितीला?" त्यांनी मान हलवली. नाही.

"मग का आलात?" सोलनकरांनी विचारलं.

"तुझ्यापुढं तरी खरं बोलावं म्हणून."

सोलनकर उठले. मला वाटलं, आता काहीतरी कठोर बोलतील, आणि खरं सांगते, बोलावं असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "रुपाली, काकूंना चहा दे. ऊन हाय बाहेर." आणि आतल्या खोलीत गेले.

काकूंनी चहा घेतला नाही. त्या निघाल्या तशी मी त्यांच्याबरोबर जिना उतरले, कोपऱ्यावर रिक्षा थांबवून दिली. रिक्षात बसताना त्यांनी वर आमच्या खिडकीकडं पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं. पूर्वी काकू आल्या की सोलनकर त्यांना रिक्षानं स्वतः घरापर्यंत पोचवून यायचे.

मी वर आले तेव्हा ते टेबलाशी बसले होते, पुढच्या प्रयोगासाठी नवी पट्टी कातरीनं मापात कापत होते. मी म्हटलं, "गेल्या." ते म्हणाले, "बरं." आणि मग, पट्टीवरची नजर न काढता, "दाराला कडी लावलीस का?"

"लावली."

या वेळी ते उठले नाहीत.